उभी गाडी सोडायची

मालपेन्सा विमानतळावरून मिलान शहरात जाणाऱ्या गाड्या दोन प्रकारच्या. एक चेंत्राले स्टेशनला जाते, दुसरी कादोर्ना स्टेशनला. दिसायला दोन्ही सारख्या. आपल्याला चेंत्रालेची हवी. कादोर्नाची समोर उभी असली, दार उघडं असलं, तरी ती सोडायची आणि पुढची येईपर्यंत थांबायचं.

वहीच्या पहिल्या पानावर मी हे लिहिलं तेव्हा गोंदिया जिल्ह्यात, सालेकसाच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या माझ्या शाळेच्या ओट्यावर बसले होते. मुलं खिचडी खात होती. शाळेला खोल्या दोन, वर्ग चार आणि शिक्षकही कागदोपत्री दोन. दुसऱ्या गुरुजींना जुलैमध्ये 'तात्पुरतं' म्हणून दुसऱ्या गावी पाठवलं होतं, ते परत आलेच नव्हते. फोनला रेंज फक्त हापशीजवळ, तीही चौथऱ्यावर चढून उभं राहिलं तर. मिलानची सगळी माहिती मी त्या चौथऱ्यावर उभी राहून गोळा केली आणि ओट्यावर बसून वहीत उतरवली.

मिलानला मला हौसेने जायचं नव्हतं. माझी मुलगी आणि जावई तिथे नोकरी करतात. तिला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात चर्चेला जागा नसते. सातव्या महिन्यात ती इकडे येणार हे ठरलेलं होतं. पण पाचव्या महिन्याच्या तपासणीत वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असल्याचं निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की विमानप्रवास बंद, वजन उचलणं बंद, आणि रक्त दिसलं तर तासाभराच्या आत दवाखाना. जावयाला रजा मोजकीच मिळणार होती. शेवटचे दोन महिने ती चौथ्या मजल्यावरच्या घरात दिवसभर एकटी राहणार होती. ती माहेरी येऊ शकत नव्हती, तेव्हा माहेरानं तिच्याकडे जायला हवं होतं.

माहेर म्हणजे मी. नवरा रेल्वेत आहे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांना झेंडी दाखवतो आणि स्वतः कुठे जात नाही. बाळंतपणात त्याचा उपयोगही नव्हता.

सरकारी नोकराला परदेशी जायचं तर वरून परवानगी लागते, आणि ती जोडल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुरा होत नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. तालुक्याबाहेर जायचं तरी मी मुख्यालय सोडण्याची परवानगी मागते. दिवाळीची सुटी संपल्या दिवशी मी अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मुलीचे पहिले बाळंतपण'. चूक तिथे झाली. परदेशी जाणारे सगळे तिथे 'पर्यटन' लिहितात हे मला नंतर कळलं. पंचवीस वर्षं मुलांना खरं लिहा म्हणून शिकवलं, त्यामुळे दुसरं काही लिहायचं असतं हे सुचलंच नाही.

तीन आठवडे काही कळलं नाही म्हणून मी शिक्षण विभागाच्या ऑफिसात गेले. बाबू गोंदिया शहरातले, निम्मं हिंदीत बोलणारे. त्यांनी फाइल शोधून काढली.

"मॅडम, आपकी फाइल प्रसूती रजा के गठ्ठे में चली गई थी. ऑब्जेक्शन निकला है. अर्जदाराचं वय बावन्न दिसते, तरी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा."

"बाळंतपण माझं नाही, मुलीचं आहे."

"वो तो मैं आपको देखके समझ गया. पर फाइल को कौन समझाए?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पन पहिलं बाळंतपण तर माहेरी असते ना, मॅडम? तुमी काऊन जाऊन राहिल्या?"

मी वार, विमान, डॉक्टर सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. फाइल योग्य गठ्ठ्यात गेली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तिथून दुसरा शेरा घेऊन आली: शाळेवर पर्यायी शिक्षकाची व्यवस्था झाल्याशिवाय विचार करता येणार नाही. पर्यायी शिक्षक म्हणजे तेच गुरुजी, ज्यांना त्याच ऑफिसने दुसरीकडे पाठवलं होतं. ते नव्या सत्रात परत येणार होते. नवं सत्र जूनमध्ये. बाळ मार्चमध्ये.

"आता पर्यटन लिहून नवा अर्ज देते," मी म्हणाले.

"अब नहीं चलेगा. पहिला कागद रेकॉर्ड पे है ना. अब टूर लिखा तो एक कागद झूठा पडेगा." त्यांनी फाइलची दोरी बांधली. "पहिल्याच वेळी कोणाला विचारायचं होतं, मॅडम."

नवऱ्यानेही घरी हेच म्हटलं, फक्त जेवताना म्हटलं.

या सगळ्या दिवसांत वही मात्र भरत होती. हातात दुसरं काही नव्हतं, आणि ज्या शहरात जाता येत नाही त्याचे रस्ते पाठ करण्याखेरीज मला काही करता येत नव्हतं. चेंत्राले स्टेशनवर पर्स पोटाशी धरायची, जिन्यावर कोणी मदतीला आलं तर नको म्हणायचं. शहरात मेट्रोच्या पाच लायनी, त्यांची नावं रंगांवर. मुलीच्या घराला हिरवी. तिकीट स्टेशनातल्या पेपरच्या टपरीवर किंवा मशिनवर मिळतं. एक तिकीट नव्वद मिनिटं चालतं, ट्राम आणि बसलाही तेच. आत जाताना लागतं आणि बाहेर पडतानाही लागतं, म्हणून फेकायचं नाही. ट्राममध्ये चढलं की लगेच छापून घ्यायचं, नाहीतर जवळ असूनही दंड. रस्त्याच्या कडेला हिरवे लोखंडी नळ दिसतात, त्यांचं पाणी सतत वाहतं आणि पिण्याचं असतं, बाटली विकत घेऊ नये. चहा-कॉफी उभ्याने प्यावी, बसलं की महाग. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस. भाजीच्या दुकानात तिथला प्लास्टिकचा हातमोजा घालूनच फळाला हात लावायचा, वजन आपणच करायचं. घरातल्या नळावर सी असेल तर गरम आणि एफ असेल तर गार. मी इंग्रजीच्या हिशोबाने उलटं धरलं होतं, ते मुलीने दुरुस्त केलं. घराचं दार आपोआप लागतं, किल्ली हातात असल्याशिवाय ओढायचं नाही. अडचण आली तर एकशे बारा.

मुलगी फोनवर म्हणायची, "आई, तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती झालीय."

"तू नीट पडून राहा," मी म्हणायचे. परवानगीचं काय झालं हे तिने दोनदा विचारलं, मग विचारणं बंद केलं. त्यावरून मला कळलं की ती घाबरली आहे.

दुसरा शेरा आला त्या रविवारी मी नवऱ्याला घेऊन सौंदडला गेले. तिथे माझी विहीण राहते, जावयाची आई. धानाची शेती, चौथीपर्यंत शिक्षण, आवाज खणखणीत. मुलगा परदेशी गेला तेव्हा त्याने आईबापांचे पासपोर्ट काढून ठेवले होते, ते तसेच कोरे होते. ती अंगणात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसून सोलायला लागले आणि सरळ सांगितलं की मला परवानगी मिळणार नाही, तुम्ही जा.

तिचे हात थांबले.

"म्हंजे पहिलं बाळतपन सासरी? अन् गावातल्या बाया का म्हनतील? पोरीची माय धडधाकट हाये अन् सासू जाऊन राहिली?"

"म्हणू द्या. कोणीतरी गेलं पाहिजे."

"तुमी मास्तरीन, इंग्रजी येते. मले गोंदियाच्या बजारात रस्ता नाई सापडत. मी कायले जाऊ?"

"कारण मला सोडत नाहीत."

"तुमाले नोकरीनं बांधलं," ती म्हणाली, "मले वावरानं बांधलं. उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकाचे हायेत, रोवना कोन करन?"

"व्याही करतील. मजूर लावतील."

"त्याइच्यानं होते का?" व्याही तिथेच खाटेवर होते. तिने दहा-बारा शेंगा सोलल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इहीनबाई, एक आधीच सांगून ठेवतो. हे मी तुमाले जलमभर बोलून दाखवीन."

"दाखवा."

"दिवाळीत बोलीन. लग्नात चार बायांमंधी बोलीन. लेकरू मोठं झालं का त्याले सांगीन, तुही आजी नवती आली, मी आली होती."

"सांगा. पासपोर्ट कुठे आहे?"

ती उठली आणि पेटी उघडायला गेली. जाताना म्हणाली, "पाहा बाप्पा, रडतही नाई हे बाई."

रडायला वेळ नव्हता. व्हिसाची कागदपत्रं मी तीन दिवसांत लावली. तिला नोकरी नव्हती, म्हणून कोणाची परवानगीही लागत नव्हती. ती परत येईल याचा पुरावा म्हणून तिच्या नावाचा सातबारा लावला, त्याचं इंग्रजी मी केलं आणि वकिलाचा शिक्का घेतला. माझी पंचवीस वर्षांची नोकरी मला सोडायला तयार नव्हती आणि तिचं तीन एकर धानाचं वावर तिला सोडत होतं. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं. दोन किरकोळ रजा टाकून मी तिच्यासोबत गेले. दारावरच्या माणसाने विचारलं, अर्जदार कोण? मी तिच्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, मग तुम्ही बाहेर थांबा. माझ्या पर्समध्ये माझाही पासपोर्ट होता. का नेला होता कोण जाणे. पाऊण तास मी फुटपाथवर उभी राहिले.

जानेवारीच्या मध्याला व्हिसा आला आणि मी विहीणबाईंना आठ दिवस माझ्याकडे राहायला आणलं. वही मी माझ्यासाठी लिहिली होती, म्हणजे भराभर वाचणाऱ्या माणसासाठी. तिला मराठी अक्षर लावून वाचता येत होतं, इंग्रजी अजिबात नाही. तेव्हा पहिलीच्या पद्धतीने सुरुवात केली. पुठ्ठ्याची कार्डं केली, एका कार्डावर एक नाव, मोठ्या अक्षरांत. तिला सांगितलं, वाचायचं नाही, जुळवायचं. पाटीवरची नक्षी आणि कार्डावरची नक्षी सारखी असली की तेच स्टेशन.

घरी एकटी बसून ती कंटाळायची, म्हणून शाळेत येऊ लागली. मी ओट्यावर खडूने हिरवी लाइन काढली. चेंत्रालेपासून मुलीच्या स्टेशनापर्यंत चार थांबे: कायाझ्झो, लोरेतो, पिओला, लांब्राते. प्रत्येक थांब्यावर एकेक मुलगी कार्ड घेऊन उभी केली, दोन मुलांना दोरी धरून मेट्रोचं फाटक केलं. तिकीट दाखवल्याशिवाय ते दोरी खाली घेत नसत, आणि विहीणबाईंनी ते कमरेच्या थैलीत घातलं की सगळा वर्ग ओरडायचा, "आजी, बाहेर निघतानी लागते!" त्या मुलांपैकी निम्म्यांनी गोंदिया शहर पाहिलेलं नव्हतं, पण लोरेतोनंतर पिओला येतं हे त्यांना पाठ झालं. हे अभ्यासक्रमात बसत नाही, मला माहीत आहे.

एकाच गोष्टीवर आमचं अडायचं. ओट्याच्या दोन बाजूंना मी दोन गाड्या काढल्या होत्या, चेंत्रालेची आणि कादोर्नाची. कादोर्नाची आधी उभी आहे असं मी म्हणायचे. विहीणबाई दर वेळी तिच्यात जाऊन उभ्या राहायच्या.

"ही आपली नाही. सोडायची."

"उभी गाडी सोडते का कोनी?"

"सोडायची. मागून दुसरी येते."

"अन् नाई आली तं?"

"अर्ध्या तासात येते."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"फोनवर आहे."

"फोन गेला होता का तती?" सगळी मुलं हसली. विहीणबाईंच्या बाजूनेही खरं होतं. सौंदडच्या स्टेशनवर दिवसातून मोजक्या गाड्या थांबतात. समोरची सोडली तर अर्धा दिवस गेला. साठ वर्षांची ती सवय आठ दिवसांत जाणार नव्हती. मी कार्डावर लाल खडूने फुली मारली आणि पुढे गेले.

सामानाचा वाद वेगळा. तिने तुपातले डिंकाचे लाडू डबाभर केले होते. तूप, खवा, दुधाचं काही तिकडे नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. मी लाडू ठेवून घेतले आणि डिंक, खारीक, हळीव सुटे बांधून दिले. लोणी तिथेच कढवून घ्या म्हटलं. "एवढा सारा मुलूख, अन् लाडवाले भेते," ती म्हणाली. तांदूळ मात्र पाच किलो नेला. मिलानच्या बाहेर धानाची मोठी शेती आहे, तिथे तांदूळ मिळतो, असं मी सांगून पाहिलं. "त्याइचा तांदूळ गिचका होते, पोरगा सांगत होता," एवढं म्हणून तिने पोतडी शिवली.

वहीच्या शेवटच्या पानावर मी एकच गोष्ट लिहिली होती आणि ती तिच्याकडून, मुलीकडून, जावयाकडून, सगळ्यांकडून वदवून घेतली होती. विमानतळावर जावई दिसला नाही तर बाहेरच्या दाराशी एक तास थांबायचं. मग आपण स्वतः निघायचं आणि लांब्रातेला उतरून फाटकाबाहेर उभं राहायचं. दुसरीकडे कुठेही नाही. जावई हसला होता. "आई, मी मालपेन्साला येणारच आहे. एवढं कशाला?"

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिला नागपूरहून बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचले, हापशीवर चढले, आणि फोनमध्ये जावयाचे सात निरोप एकदम आले. तिथे पहाट होती. मुलीला पहाटेच रक्तस्राव झाला, दवाखान्यात दाखल केलं होतं. मी फोन लावला.

"आता थांबलंय," तो म्हणाला. "बाळ ठीक आहे. पण डॉक्टर म्हणतात पुन्हा झालं तर लगेच ऑपरेशन. मला तिला टाकून मालपेन्साला जाता येणार नाही, जाऊन-येऊन तीन तास. आणि आईचा फोन लागत नाहीये."

"दवाखान्यातून लांब्राते किती लांब?"

"दहा मिनिटं."

"मग मालपेन्सा सोडा. त्या ठरल्याप्रमाणे तासभर थांबतील आणि निघतील. साडेदहाच्या सुमाराला तुम्ही लांब्रातेच्या फाटकाबाहेर थांबा. मुलीला फोन द्या."

मुलीने फोन घेतला. "आई," म्हणाली. मी विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाली. रक्त? नाही. मग म्हटलं, डाव्या कुशीवर झोप, सासूबाई येताहेत. तेवढ्यात गावातल्या बायका घागरी घेऊन आल्या.

"मॅडम, उतरा जी, पानी भरू द्या."

मी उतरले आणि फोन कटला.

तो दिवस मी वर्ग आणि हापशी यांच्यामध्ये काढला. आमच्या घड्याळात साडेचार तास मिळवायचे नाहीत, वजा करायचे, एवढाच हिशोब डोक्यात. आमचे साडेअकरा, तिथले सात, विमान उतरलं असेल. साडेबारा, बाहेर आली असेल. मुलांना खिचडी वाढली. दीड, निघाली असेल. तिसरीला वजाबाकी दिली. तीन वाजता तिने लांब्रातेला असायला हवं होतं. मी हापशीवर चढले. जावयाचा निरोप: आई आली नाही. साडेतीन: नाही. मुलांना ओट्यावर पाढे म्हणायला बसवलं, म्हणजे तिथून ती मला दिसत राहतील. पावणेचारला जावयाचाच फोन आला.

"आता काय करू? मी चेंत्रालेला जाऊन बघतो. तिथे हरवली असेल. इतकं मोठं स्टेशन आहे."

"जाऊ नका."

"इथे उभं राहून काय होणार? तिला इथलं वाचता येत नाही, भाषा येत नाही. दवाखान्यात ही एकटी आहे. माझ्या फोनची बॅटरी संपत आलीय."

"तुम्ही चेंत्रालेला गेलात आणि त्या लांब्रातेला पोचल्या तर? त्यांना त्या शहरात एकच जागा माहीत आहे, तुम्ही उभे आहात ती. ती सोडलीत तर तुम्ही दोघंही हरवाल."

तो म्हणाला, "आणि ती आलीच नाही तर, आई?"

मी कादोर्नाची गाडी डोळ्यासमोर आणली. कादोर्ना स्टेशनलाही हिरवी लाइन आहे, दिशाही तीच पकडता येते, फक्त थांबे चार नसून नऊ. मी त्याला म्हटलं, "त्या दुसऱ्या गाडीत बसल्या असतील. तरी येतील, उशिरा येतील. साडेचारपर्यंत, म्हणजे तुमचे बारा वाजेपर्यंत, जागेवरून हलू नका. मग पोलिसांत जा."

"तुम्हाला खात्री आहे?"

"हो," मी म्हणाले. नव्हती. माझी मुलगी तिकडे एकटी पडली होती, तिच्या नवऱ्याला मी एका फाटकासमोर अडकवून ठेवलं होतं, आणि मी स्वतः एका हापशीवर उभी होते जिथून एक पाऊल खाली टाकलं तर आवाजही जात होता. बायका पुन्हा आल्या. त्यातल्या एकीने माझ्याकडे बघितलं, घागर खाली ठेवली आणि बाकीच्यांना म्हणाली, "राहू द्या वं, मंग भरू." त्या झाडाखाली जाऊन बसल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. आधी नुसताच गोंगाट, मग विहीणबाईंचा आवाज, इतका मोठा की झाडाखालच्या बायकांनाही ऐकू गेला.

"इहीनबाई! तुमची ते चार ठेसनं खोटी निघाली!"

त्या कादोर्नाच्याच गाडीत बसल्या होत्या. उभी होती, दार उघडं होतं. "सोडवलं नाई जी," त्या म्हणाल्या. उतरल्यावर हिरवा रंग शोधला, टपरीवर एक बोट दाखवून तिकीट घेतलं, लांब्रातेचं कार्ड एका शिपायाला दाखवलं, त्याने योग्य फलाटावर नेऊन सोडलं. चार थांबे मोजून उतरल्या आणि पाटीशी कार्ड जुळवलं, तर जुळेना. त्या बाकावर पोत्याशेजारी बसून राहिल्या. किती वेळ ते त्यांनाही सांगता आलं नाही. गाड्यांमागून गाड्या येऊन गेल्या, "एकीतही नाई चढली, तुमी म्हनलं होतं ना सोडाची." शेवटी लहान मूल घेतलेली एक बाई शेजारी बसली. तिला कार्ड दाखवलं. तिने गाडीकडे बोट केलं आणि पाच बोटं वर केली.

मी जावयाला फोन द्यायला सांगितला. मी म्हटलं, आईला दवाखान्यात न्या, ट्राम घेतलीत तर तिकीट लगेच छापून घ्या. मग खाली उतरले, बायकांना पाणी भरू दिलं आणि मुलांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, वजन कमी होतं म्हणून चार दिवस काचेच्या पेटीत ठेवली. तिथे एका वेळी एकालाच आत सोडत. जावई नसेल तेव्हा विहीणबाई जायच्या, हाताला औषध लावून, अंगावर हिरवा झगा घालून. मला फोनवर पाच मिनिटं बाळ दिसायचं, कधी बाळ, कधी कोणाचा तरी अंगठा. मी रोज विचारायचे, ताप आहे का, जखम कोरडी आहे का, दूध येतंय का. उत्तरं विहीणबाई द्यायच्या आणि सगळी बरोबर असायची. त्यांनी लोणी कढवून तूप केलं होतं. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीशी ओळख झाली होती; भाषा एकीलाही दुसरीची येत नव्हती, तरी म्हातारीने तिच्या मिक्सरवर खारीक दळून दिली होती. नळाच्या सीचं त्यांना काही अडलं नाही, त्या हात लावून बघायच्या.

माझं बोलणं हळूहळू कमी झालं. मी जे सांगायला जायचे ते त्यांनी आधीच केलेलं असायचं. एक दिवस मुलीला म्हटलं, बाळाला ऊन दाखव, सकाळी नऊच्या आधीचं. ती म्हणाली, "आई, इथे नऊला ऊन नसतं. अकराला येतं, खिडकीशी. सासूबाई तेव्हाच घेऊन बसतात." तिचा सूर चिडका नव्हता, माहिती देण्याचा होता. माझ्या वहीत ऊन कधी येतं हे नव्हतं.

बाळ वीस दिवसांचं झालं तेव्हा मी दुपारच्या सुटीत हापशीवर उभी राहून फोन लावला. गुरुजी अजून परत आले नव्हते. फाइल ऑफिसात होती. मुलीने फोन उचलून कुठेतरी टेकवून ठेवला. मला न्हाणीघराचं दार आणि वाफ दिसत होती. आतून विहीणबाईंचं बाळाशी बोलणं ऐकू येत होतं, आणि मुलगी कशाला तरी मोकळं हसत होती. दवाखान्याच्या दिवसानंतर तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा विहीणबाई दारात आल्या, हात कोपरापर्यंत तेलाचे.

"कोन? इहीनबाई का? आता ठेवा जी फोन. लेकरू न्हाऊन राहिलं, मंग पोरीचं आंग तेल लावून रगडाचं हाये. मले सवड नाई."

"ठेवते," मी म्हणाले, आणि ठेवला.